डावी लीड कुठे नको, हे मशीनला विचारा

सीआरटी म्हणजे कमजोर हृदयाचे दोन्ही खालचे कप्पे एकत्र आकुंचन पावावेत म्हणून बसवायचा पेसमेकर. त्याच्या तीन लीडपैकी (हृदयाला वीज पोचवणाऱ्या तारांपैकी) उजव्या बाजूच्या दोन सहसा मुकाट बसतात. छळते ती डावी. कोरोनरी सायनसमधून (हृदयाच्या शिरा जिथे एकत्र येतात त्या मोठ्या शिरेतून) शिरून डाव्या खालच्या कप्प्यावरून जाणाऱ्या एखाद्या शिरेत ती बसवायची असते, आणि शीर नसेल तिथे ती जात नाही. सीआरटी घेतलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश पेशंटना म्हणावा तसा फायदा होत नाही. कारणं अनेक, लीडची जागा हे त्यातलं आपल्या हातात असलेलं एक.

जागा चांगली कधी? तिथला स्नायू उशिरा आकुंचन पावत असावा आणि जिवंत असावा. दोन्ही एकदम हवं. जुन्या अटॅकच्या वणावर लीड बसली तर थ्रेशोल्ड (ठोका पडायला लागणारी किमान वीज) चढतो, विद्युतलहर रेंगाळत पसरते आणि क्यूआरएस (ईसीजीवरची खालच्या कप्प्यांची लहर) हवा तितका आखूड होत नाही. टोकाकडची, म्हणजे एपेक्सची जागाही टाळायची. मॅडिट-सीआरटी या मोठ्या चाचणीच्या आकडेवारीत तिथल्या लीडचे निकाल वाईट दिसले.

इकोवरच्या स्पेकल ट्रॅकिंगने (स्नायूतले ठिपके ठोक्यागणिक कसे हलतात ते मोजून) हे दोन्ही एकत्र बघता येतं. २०१२च्या टार्गेट चाचणीत २२० पेशंट होते. सर्वात उशिरा आकुंचन पावणारा भाग निवडायचा, पण रेडियल स्ट्रेन (आकुंचनात भिंत किती जाड होते ते) १० टक्क्यांखाली असेल तर तो भाग वण समजून सोडायचा, असा नियम होता. नेहमीच्या पद्धतीने लीड बसवलेल्यांत प्रतिसाद ५५ टक्के होता, या नियमाने ७० टक्के. अर्थात इकोत हृदय स्वच्छ दिसलं तर. इकोची मापं दोघांनी घेतली तर जुळत नाहीत, हे २००८च्या प्रॉस्पेक्ट अभ्यासाने आधीच दाखवलं होतं.

वण बघायला गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या एमआरआयला तोड नाही. इन्व्हर्जन टाइम (निरोगी स्नायू काळा दिसावा म्हणून लावायची वेळ) चुकला तर मात्र निरोगी स्नायूही करडा दिसतो आणि वणाची टक्केवारी फुगते. पेशंटला आधीच आयसीडी (छातीत बसवलेलं शॉक देणारं यंत्र) असेल तर जनरेटरजवळचा पांढरा डाग वणासारखा दिसतो. हा डाग टाळणारा वाइडबँड सिक्वेन्स मागून घ्यावा. शिरांचा नकाशा सीटीवर मिळतो, पण धमन्यांसाठीचं टायमिंग वापरलं तर शिरा रिकाम्याच येतात. काही सेकंद उशिरा स्कॅन करायला सांगावं लागतं.

आता मशीन लर्निंग. भिंतीची आतली-बाहेरची रेघ काढायचं काम यू-नेट पद्धतीचं (चित्रातले भाग वेगळे करणारं) मॉडेल उत्तम करतं. फक्त डाइस स्कोअरवर, म्हणजे मॉडेलची आणि माणसाची आखणी किती जुळते त्या आकड्यावर, भाळू नये. रक्ताने भरलेली पोकळी मोठी, म्हणून तिचा स्कोअर सुंदरच येतो. पातळ झालेल्या भिंतीत एका पिक्सेलची चूक जाडीचं माप पार बदलून टाकते. बेसचे (वरच्या रुंद बाजूचे) आणि एपेक्सचे स्लाइस डोळ्यांनी तपासावेच. शिरांच्या बाबतीत डाइस आणखी फसवा: शीर मध्येच दोन मिलिमीटर तुटली तरी स्कोअर हलत नाही, पण लीडचा रस्ता बंद दिसतो. तिथे सलगता तपासायची.

पुढची पायरी म्हणजे प्रत्येक भागाला गुण देणं: आकुंचनाची वेळ, जाडी, वणाची टक्केवारी, जवळच्या शिरेचं अंतर. पेशंट शेकड्यांत असताना रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचं साधं मॉडेल) पुरतं, डीप लर्निंगचा हट्ट कशाला? बहुतेक घोळ डेटाच्या वाटणीत होतात. भिंतीचे १७ भाग म्हणजे १७ स्वतंत्र नमुने नव्हेत. एकाच पेशंटचे काही भाग ट्रेनिंगमध्ये आणि काही टेस्टमध्ये गेले की निकाल खोटा चकाकतो. वाटणी पेशंटनुसारच करायची.

त्याहून खोल अडचण अशी: एका पेशंटमध्ये लीड एकाच जागी बसते. दुसरीकडे बसवली असती तर काय झालं असतं, हे डेटात कुठेच नाही. शिवाय बहुतेक लीड लॅटरल (बाजूच्या) भिंतीवर जातात, त्यामुळे मॉडेल हृदयाऐवजी डॉक्टरांची सवय शिकतं. लेबलही भेसळीचं असतं. सहा महिन्यांनी एंड-सिस्टॉलिक व्हॉल्यूम (आकुंचनानंतर कप्प्यात उरणारं रक्त) १५ टक्क्यांनी घटला की 'प्रतिसाद' म्हणतात. पण एएफमुळे (वरच्या कप्प्यांच्या अनियमित ठोक्यांमुळे) किंवा वारंवारच्या पीव्हीसींमुळे (खालच्या कप्प्यांच्या आगंतुक ठोक्यांमुळे) बायव्हेंट्रिक्युलर पेसिंग, म्हणजे यंत्राने दोन्ही कप्प्यांना दिलेले ठोके, ९८ टक्क्यांच्या बरंच खाली राहिलं असेल, तर दोष लीडच्या जागेचा नसतो. असे पेशंट वेगळे काढावेत. म्हणूनच 'सर्वोत्तम जागा' दाखवणाऱ्या मॉडेलवर माझा भरवसा कमी. बाद भाग कोणते आणि उरलेल्यांत आधी कुठे बघायचं, एवढं त्याने सांगितलं तरी पुष्कळ.

कॅथलॅबमध्ये नकाशा फ्लुरोस्कोपीवर (चालत्या एक्स-रेवर) चढवताना मणक्यांवरून जुळणी करू नका. सीटी श्वास रोखून, हात डोक्यावर घेऊन झालेला असतो. टेबलावर दोन्ही बदलतं आणि हृदय सरकतं. बलून फुगवून काढलेल्या व्हेनोग्रामवर (शिरांच्या एक्स-रे चित्रावर) शिरांच्या फाट्यांनीच जुळवा, तेही एलएओ (डावीकडून तिरका) आणि आरएओ (उजवीकडून तिरका) या एक्स-रेच्या दोन्ही कोनांत. एलएओमध्ये लीड समोर आहे की बाजूला ते कळतं, बेस की एपेक्स ते आरएओ सांगतो. ताठ वायर आत गेली की शीर सरळ होते आणि जुळलेला नकाशा बिघडतो, हेही ध्यानात ठेवा.

शेवटचा शब्द विद्युत मापाचा. क्यूआरएसच्या सुरुवातीपासून लीडखालच्या सिग्नलपर्यंतचा क्यू-एलव्ही अवकाश ९५ मिलिसेकंद किंवा जास्त असेल तर जागा राखा. क्वाड्रिपोलर लीडचे चारही पोल (वीज देणारी टोकं) तपासा आणि १० व्होल्टला डायफ्रॅम, म्हणजे श्वासाचा पडदा, उडतो का बघा. टोक स्थिरतेसाठी खोल अडकवून पेसिंग वरच्या पोलवरून केलं, तर एपेक्सही टळतो आणि बऱ्याचदा डायफ्रॅम हलवणारी फ्रेनिक नर्व्हही.

चांगल्या भागाजवळ शीरच नसेल तर झटापट करण्यापेक्षा लेफ्ट बंडल ब्रँच एरिया पेसिंगकडे वळावं, म्हणजे लीड मधल्या पडद्यात फिरवून हृदयाच्या स्वतःच्या डाव्या विद्युतवाटेला वीज द्यावी. त्याआधी त्याच एमआरआयवर सेप्टम (तोच मधला पडदा) बघून घ्यावा: तिथे वण असेल तर लीड आत फिरवणं अवघड जातं.