पळून आलेल्याचे डोळे, कान, घरदार

नागपूरच्या दिवाणी न्यायालयात मी वकिली करतो. भावाभावांच्या वाटण्या, सामाईक विहिरी, धुऱ्याचे वाद हेच माझं काम. म्हणून इजिप्त आणि हित्ती (आजच्या तुर्कस्तानातलं जुनं साम्राज्य) यांच्यातल्या कादेशच्या लढाईपेक्षा तिच्यानंतरचा तह मला जास्त ओढून घेतो.

लढाई इ.स.पू. १२७४ च्या सुमाराची, आजच्या सीरियातल्या ओरोंटेस नदीकाठची. हित्ती सैन्य अजून अलेप्पोकडे आहे, ही दोन भटक्यांची थाप इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याने खरी मानली. हित्ती राजा मुवातल्ली कादेश नगराच्या आडच दबा धरून होता. त्याच्या रथांनी इजिप्तची एक पलटण फोडली, ऐनवेळी कुमक आली म्हणून रामसेस बचावला. परतल्यावर त्याने देवळांच्या भिंतींवर आपला विजय कोरून घेतला. कादेश मात्र हित्तींकडेच राहिलं.

साधारण पंधरा वर्षांनी, इ.स.पू. १२५९ मध्ये, रामसेस आणि तेव्हाचा हित्ती राजा तिसरा हत्तुसिली यांचा तह झाला. हत्तुसिलीने पुतण्याला हटवून गादी घेतली होती आणि पूर्वेला असीरियाचं राज्य वाढत होतं. आपल्यामागे आपल्याच मुलाला गादी मिळावी, गरज पडल्यास इजिप्तने मदत करावी, असं कलम त्याने घालून घेतलं. मूळ तह चांदीच्या पत्र्यावर होता. इजिप्तमधल्या कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर त्याची इजिप्शियन प्रत आहे, तर हित्तींची राजधानी हत्तुसाच्या उत्खननात अक्कादी भाषेतल्या मातीच्या प्रती मिळाल्या. मी सवयीने आधी चतुःसीमा शोधली. सरहद्द कुठेच लिहिलेली नाही!

पण पळून गेलेल्या माणसांबद्दल केवढं बारकाईने लिहिलंय. मोठा सरदार असो वा कुणालाच ठाऊक नसलेला साधा माणूस, त्याला परत पाठवायचं. आणि परत आल्यावर त्याचा गुन्हा काढायचा नाही. त्याचं घर, बायका, मुलं यांना हात लावायचा नाही. त्याला मारायचं नाही. डोळे, कान, तोंड, पाय यांना इजा करायची नाही. साक्षीला दोन्ही देशांचे हजार हजार देव.

माझ्यासाठी अख्ख्या तहाचं मोल या कलमात आहे. आमच्याकडे दोन भाऊ समेट करतात, आणि एकाच्या बाजूने साक्ष दिलेला सालदार दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. त्याचं नाव तडजोडनाम्यात नसतं. अशा माणसाला पुढे त्रास द्यायचा नाही, हे मी आता आग्रहाने लिहून घेतो. पक्षकार कुरकुरतात, तरी घेतो.

आणि पुदुहेपा! त्या चांदीच्या पत्र्यावर हत्तुसिलीसोबत त्याच्या या राणीचीही मुद्रा होती. आमच्याकडे बहिणीला आयत्या वेळी बोलावून सहीपुरतं बसवतात, ते पाहून मला संताप येतो. पुदुहेपा स्वतः रामसेसशी पत्रव्यवहार करायची. तिच्या मुलीचं रामसेसशी लग्न ठरलं आणि पाठवणीला उशीर झाला म्हणून त्याने तक्रार केली, तेव्हा तिने त्याला खडसावलं: माझ्या भावाकडे (म्हणजे रामसेसकडे) काहीच नाही का, की माझ्याकडून घेऊन श्रीमंत व्हावंसं वाटतं? हे तुझ्या नावलौकिकाला शोभत नाही. लग्न झालं ते रामसेसच्या राजवटीच्या ३४ व्या वर्षी.