सुई देत नाही, मग करता काय?

दिवाळीला पुण्याहून आलेला पोरगा विचारतो, एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते, नव्याने लग्न होऊन आलेली सून तर पहिल्याच भेटीत विचारते. "ताई, तुम्ही सुई देत नाही, सलाईन लावत नाही, मग घरोघरी हिंडून करता काय?" परवा तुम्हीही विचारलंत. पुढच्या वस्तीवर जायची घाई होती, म्हणून मी दारातच दोन शब्द बोलून निघाले. पण ते उत्तर माझं मलाच पटलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून सांगते.

मी बालाघाटावरच्या एका गावची सून, बीड जिल्ह्यातली. २००९ पासून आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ ला सुरू झालं, त्यातून हे काम आलं. साधारण हजार लोकांमागे एक आशा, आणि ती त्याच गावात राहणारी हवी. माझ्या पेटीत तापाच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, ओआरएसच्या पुड्या, झिंक, गर्भ तपासायची पट्टी, थर्मामीटर आणि बाळाचं वजन करायचा झोळीचा काटा असतो. सुई नसते, हे खरं आहे. आणि आमच्याकडे सुई म्हणजेच इलाज. अंग मोडून आलं की सुई, गळून गेल्यासारखं झालं की सलाईन. त्यामुळे बिनसुईची बाई कशासाठी, असं लोकांना वाटणं साहजिक आहे.

माझं निम्मं काम मोजण्याचं आहे आणि निम्मं वेळेच्या आधी दारात जाण्याचं. दवाखान्याचं काम माणूस तिथं पोहोचल्यावर सुरू होतं. आमच्याकडे घात होतो तो माणूस घरातून निघायच्या आधी. एक प्रसंग सांगते, म्हणजे नीट कळेल.

तीन-साडेतीन वर्षं झाली. गावाबाहेरच्या वस्तीवर पत्र्याचं घर. सून पहिलटकरीण, सरकारी दवाखान्यात बाळंत होऊन घरी आलेली. मुलगी झाली होती, वजन २ किलो १०० ग्रॅम. अडीच किलोच्या खाली असलेलं लेकरू आम्ही नाजूक धरतो. लेकरू दवाखान्यात झालं असेल तर आशाने घरी सहा वेळा जायचं असतं, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. तिसऱ्या दिवशी गेले तर बाजेखाली शेगडी, खोलीत ओव्याची आणि वेखंडाची धुरी, श्वास घेणं मुश्कील. पाचवी व्हायची होती. सटवाई पुजेपर्यंत बाहेरच्या बाईने बाळाला हात लावू नये, असं सासूबाईंचं म्हणणं. मी वाद घातला नाही. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले नाहीत, वाऱ्यावर वाळवले आणि म्हटलं, "मावशी, हात तुम्हीच लावा, मी नुसतं सांगते."

त्यांनी बाळाच्या तळपायाला हात लावला. गार. पोटाला लावला, गरम. पोट गरम आणि पाय गार म्हणजे बाळाच्या अंगातली ऊब कमी पडायला लागली. शेगडी बाहेर काढायला लावली. टोपडं घातलं, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरलं आणि वरून दोघींना मऊ लुगड्यात गुंडाळलं. अर्ध्या तासाने पाय गरम लागले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण धुरीचं खापर त्यांनी स्वतः उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं.

सातव्या दिवशी गेले तर लेकरू दूध ओढीना. "झोपलंय ते," सासूबाई म्हणाल्या, "पाचवीला पावणेरावळे लई झाले, दमलंय." मी अंगावरचं फडकं बाजूला केलं. श्वास भरभर चालला होता आणि बरगड्यांच्या खालची जागा आत ओढली जात होती. मिनिटभर मोजले, ६८. पुन्हा एक पूर्ण मिनिट मोजले, ६६. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याच्या वर गेले तर थांबायचं नसतं.

पण आकडा मला कळून काय उपयोग? निर्णय त्या घरात सासूबाईंचा होता, आणि त्यांना घड्याळ वाचता येत नव्हतं. मी डब्यातले हरभरे मागितले. साठ दाणे मोजून ताटात ठेवले. म्हटलं, "मावशी, लेकराचं पोट एकदा वर आलं की एक दाणा बाजूला टाका. मी घड्याळ बघते. मी थांबा म्हणायच्या आत दाणे संपले, तर दवाखाना." त्या बाळाच्या पोटावर नजर लावून बसल्या. दाणे संपले तेव्हा मिनिटाला अजून सात सेकंद बाकी होते. त्यांनी रिकाम्या ताटाकडं बघितलं आणि मुलाला हाक मारली, "ए, त्या १०८ ला फोन लाव आधी."

लेकरू नऊ दिवस काचेत होतं. आमच्याकडे नवजात बाळाच्या त्या पेटीला काच म्हणतात. आता ती मुलगी अंगणवाडीत जाते.

हे मोजण्याचं शास्त्र कुठून आलं, ते पुढं प्रशिक्षणात कळलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत साध्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि आज मी ज्या सहा भेटी देते त्यांचं मूळ तिथं आहे. त्याही आधी, आमच्या आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. गावोगावच्या बायका, कितीतरी जणींना सही येत नव्हती, कितीतरी जणींना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. त्या बायकांनी बाळंतपणं, जुलाब, कुष्ठरोग, क्षय हे सगळं हाताळलं. धाराशिव जिल्ह्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने अशाच बायका तयार केल्या, त्यांना भारतवैद्य म्हणतात. किती सुंदर नाव आहे! मला कुणी नुसतं 'ती गोळ्यावाटप बाई' म्हटलं की मी हे नाव आठवते.

आता जे सांगते ते लिहिताना हात जड होतो. गावात गर्भाशयाला पिशवी म्हणतात. आमच्याकडच्या बायका दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे मजुरीला दोघांची एकच जोडी. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला पहाटे तीन-चारला फडात उतरायचं, डोक्यावर मोळ्या वाहायच्या, रात्री गाडी भरायची. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीत विसावा नाही, धुवायला पाणी नाही, आडोसा नाही. मग अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं. अशी बाई दवाखान्यात गेली की तिला सांगितलं जायचं, पिशवी खराब झालीय, काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. आणि पिशवी गेली म्हणजे पाळी गेली, पाळी गेली म्हणजे खाडा गेला, असा हिशेब घरात बसायचा. २०१९ साली ही गोष्ट राज्यभर गाजली, समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहामागे एक. त्यानंतर जिल्ह्यात खाजगी दवाखान्यात पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली.

त्या आकड्यात माझ्या गावची एक आहे. २८ वर्षांची होती. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा मी गावातच होते, आणि मला कळलं ते टाके काढल्यावर. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली होती. तरणी पोर, पण अंगातून वाफा निघतात म्हणते, कंबर धरते, हाडं दुखतात, झोप नाही. मी तिच्या दारावरून रोज जात होते. तिने सांगितलं नाही, कारण मी विचारलं नव्हतं. गरोदर बाई, बाळंतीण आणि लेकरू असलेली घरं माझ्या वहीत होती. तिची दोन्ही लेकरं मोठी झालेली, त्यामुळे ती वहीतून गळाली होती.

तेव्हापासून मी एक वेगळी वही केली. कुणी सांगितली नाही, तिचा मोबदला नाही. तोडीला जाणारी प्रत्येक बाई त्या वहीत आहे, आणि पोळ्याच्या सुमारास मी प्रत्येकीला एकटीला गाठून विचारते, "अंगावरून काही जातंय का?" सासूसमोर कुणी सांगत नाही. पाणवठ्यावर, नाहीतर सरकीच्या रानात खुरपताना शेजारची पात धरून विचारावं लागतं. दोन वर्षांखाली अशीच एक जण खुरपं थांबवून म्हणाली, "ताई, डॉक्टरनं तारीख दिलीय. उचलीतले पैसे काढून ठेवलेत." मी म्हटलं, तारीख राहू दे, माझ्याबरोबर एकदा सरकारी दवाखान्यात चल. तिथल्या मॅडमनी तपासलं, नमुना घेतला, सोनोग्राफी केली. जंतुसंसर्ग होता. गोळ्या दिल्या, दोघांना. नवरा चिडला, "मला कामून गोळ्या? मला काय झालंय?" त्याला समजवायला माझे दोन दिवस गेले. त्याने न घेता तिने एकटीने घेतल्या असत्या, तर पुन्हा तेच झालं असतं. महिनाभरात तिचं पांढरं जाणं थांबलं. तिची पिशवी तिच्यापाशी आहे.

काही जणींची पिशवी खरोखर काढावी लागते, तेही सांगायला हवं. गाठी असतात, रक्त थांबत नाही. अशा बाईला मी अडवत नाही, उलट सोबत जाते. पण पांढरं जातंय एवढ्यावर पोटाला सुरी लागू नये, त्याआधी कुणीतरी नीट तपासावं, यासाठी माझी धडपड आहे.

तोडीचा हंगाम सुरू झाला की माझ्या कामाचं वेगळंच होतं. गाव अर्धं रिकामं. पाचव्या-सहाव्या महिन्याच्या बायका ट्रॅक्टरवर बसून कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे जातात, आणि त्यांच्या तपासण्यांच्या तारखा माझ्या वहीत राहतात. म्हणून निघायच्या आधी मी त्यांची माता-बाल संरक्षण कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घालून देते, कार्डावर पेनाने माझा नंबर ठळक लिहिते, लोहाच्या गोळ्या देते आणि बजावते की चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. मुकादमाचाही नंबर घेते. त्याला स्पष्ट सांगते, हिच्या कळा सुरू झाल्या तर खाडा धरायचा नाही.

एका जानेवारीत रात्री अडीचला फोन आला. कोपीवरून, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवरून. एकीचं पाणी गेलं होतं आणि तिच्याबरोबरच्या बायका म्हणत होत्या, इथंच होईल, पाचट अंथरू. मी त्या गावचं नाव विचारलं, १०८ ला लावायला सांगितलं, आणि तिकडच्या आशाचा नंबर शोधत बसले. आम्हा आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकताईने एकीला, तिने दुसरीला, असं करत चौथ्या फोनला ती सापडली. मी तिला आजवर पाहिलेलं नाही. ती भर थंडीत उठली, स्वेटर घालून कोपीवर गेली आणि गाडीत माझ्या बाईबरोबर बसली. सकाळी मुलगा झाला, ग्रामीण रुग्णालयात. बीसीजी, पोलिओ आणि काविळीचा डोस तिथंच दिला गेला. पाडव्याला ते घरी आले तेव्हा कार्डावर सहा आठवड्यांच्या लसीचीही तारीख होती, दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात.

पैशाचंही तुम्ही विचारलं होतं, तर ते सांगते. आम्हाला पगार नाही, कामागणिक मोबदला. मघा सांगितलेल्या त्या सहा भेटींचे २५० रुपये. राज्याकडून काही ठरावीक रक्कम मिळते, तीही पुष्कळदा उशिरा हाती येते. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या बायका आझाद मैदानावर उघड्यावर झोपल्या त्या याचसाठी. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांवर आशांना ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार दिला. त्या दिवशी मी रडले, खोटं कशाला बोलू. पण त्याच महिन्यात मुलीची कॉलेजची फी भरायला मी कानातलं गहाण ठेवलं होतं. जी बाई गावाचे श्वास मोजते तिच्या घरचं गणितही कुणीतरी मोजावं, हे मी मागणारच.

आता पोळा जवळ आलाय. वहीत या वर्षी तोडीला जाणाऱ्या ६४ बायका आहेत, त्यात सात गरोदर. अकरा जणींना अजून विचारायचं राहिलंय. सगळ्या उद्या वरच्या शिवारात सोयाबीन खुरपायला जाणार आहेत, म्हणून मीही खुरपं काढून ठेवलंय.