काकांचा कॉम्प्युटर फॉरमॅट न मारता कसा सुधारला – माझा अनुभव

दिवाळीला गोव्यात डिचोलीला घरी गेलो तर काकांनी कॉम्प्युटर लावायचंच सोडून दिलेलं. लावला की उजव्या कोपऱ्यात सारखं यायचं, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडलेत, ताबडतोब क्लिक करा. देवस्थानचा हिशेब, महाजनांच्या (देवस्थानच्या हक्काच्या सभासदांच्या) याद्या, जत्रेच्या नाटकाची टाइप केलेली संहिता, सगळं त्यातच, आणि दुकानवाला म्हणाला फॉरमॅट मारूया आणि अँटीव्हायरस विकत घ्या. मी म्हटलं काका थोडं थांबा, आधी सगळं पेनड्राइव्हवर घेतो मग बघू.

तर ती सूचना विंडोजची नव्हतीच, क्रोमची नोटिफिकेशन होती! काही साइट्स "तुम्ही रोबोट नाही ना, मग अलाऊ दाबा" असं सांगून परवानगी काढून घेतात आणि मग ब्राउझर बंद केला तरी असल्या भीती घालणाऱ्या सूचना येत राहतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथे अलाऊडच्या खाली कधी नाव न ऐकलेल्या साइट्सची रांग लागलेली. एकेकीसमोरच्या तीन टिंबांवर जाऊन काढून टाकल्या, पुढे कुठल्याच साइटने विचारू नये असंही करून ठेवलं आणि ते पॉपअप तिथल्या तिथे थांबले. विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर अँटीव्हायरसने पूर्ण स्कॅन केला, काही सापडलं नाही. अँटीव्हायरससाठी पैसे घालायच्या आधी निदान एवढं तरी बघाच असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगेन.

मग एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर. पीडीएफ कन्व्हर्टर, कूपन शोधणारं वगैरे, काकांना आठवतही नव्हतं कधी घातलं ते, सगळी काढली. फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर टाकला आणि त्यात फक्त यूब्लॉक ओरिजिन, हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन. नावातलं ओरिजिन बघूनच घ्या, कारण नुसतं यूब्लॉक नावाचं वेगळंच आहे. रेमंड हिल यांनी 2014 पासून हे चालवलंय, फुकट आहे, देणगीसुद्धा घेत नाहीत. क्रोममध्ये आता पूर्ण यूब्लॉक चालत नाही, गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले (मॅनिफेस्ट व्ही3), त्यामुळे तिथे लाइट आवृत्तीच मिळते, ती बरी आहे पण फायरफॉक्समधली जास्त भक्कम. खोटी डाउनलोडची बटणं बहुतेक दिसेनाशीच होतात, मोठ्या माणसांसाठी हे फार महत्त्वाचं. एखादी साइट नीट उघडली नाही तर लाल ढालीवर क्लिक करून पॉवरचं बटण दाबायचं आणि पान रिफ्रेश करायचं, तेवढ्याच साइटवर ते बंद होतं. काकांकडून हे स्वतःच्या हाताने करून घेतलं.

फाइल सापडत नाही ही दुसरी रड, त्याला एव्हरीथिंग नावाचं छोटं सॉफ्टवेअर. फाइलच्या नावातली दोन अक्षरं टाइप केली की यादी समोर हजर, देवनागरी नावंसुद्धा. "अरे, ही यादी तर गेली असं समजून मी परत लिहायला घेतलेली!" काका म्हणाले.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून सेटिंग्जमधून वाढीव सिक्युरिटी अपडेटला नाव नोंदवलं, ते ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात. त्यानंतरसाठी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टम पेनड्राइव्हवरून चालवून बघायचं ठरलंय. जुन्या फाइल्स शिवाजी फॉन्टमधल्या आहेत, तो नसला तर मजकूर वाचताच येत नाही, त्यामुळे तो फॉन्टही सोबत घ्यायचाय.