चष्म्यांची संक्रांत

शाळूची पेरणी उरकली की आमच्या माणदेशातल्या गावात मंडळाच्या नेत्रशिबिराची गडबड सुरू व्हायची. दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा त्यासाठी ठरलेला. थंडीत जखम चिघळत नाही, अशी म्हाताऱ्यांची खात्री होती.

मी पहिल्यांदा हाताशी राबलो ते १९८३ साली, आठवीत असताना. बाकं व्हरांड्यात रचून आम्ही वर्ग फिनेलनं पुसून काढले. धाकट्या काकूनं ओढ्याची वाळू चाळून, धुऊन उन्हात वाळवली आणि जुन्या धोतराच्या पिशव्यांत भरून शिवली. तेव्हा मोतीबिंदू 'पिकला' की अख्खं भिंगच काढून टाकायचे. नंतर डोकं हलू नये म्हणून पेशंटच्या दोन्ही कानांशी या पिशव्या लावायच्या. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्या भुवईवर चिकटपट्टी लावून नंबर लिहायचा. माझं अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. रात्री कंदील घेऊन आजोबांना हाताला धरून बाहेर न्यायचं, ही मोठ्या पोरांची पाळी.

पण खरा सोहळा दीड-दोन महिन्यांनी, संक्रांतीला. त्या दिवशी चष्मे यायचे. जाड भिंगांचे, दहाच्या आसपास नंबर असलेले. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं. माणसं सपाट जमिनीवरही पाऊल उंच उचलायची, तांब्या घ्यायला हात पुढे करायची आणि तो अलीकडेच थांबायचा. वस्तीवरच्या एका आजीनं चष्मा लावला, तळहातावरच्या तिळगुळाकडे बघत राहिली आणि काकूला म्हणाली, "एवढा थोर लाडू कशापायी केलास गं बाय? दुसऱ्यास्नी पुरंल का?" लाडू सुपारीएवढाच होता. आजीनं तो खाल्ला नाही, पदराच्या गाठीला बांधून नेला.

एका वर्षी मात्र एका गड्याच्या डोळ्यात पू झाला आणि तो डोळा गेला. कुणी काही बोललं नाही, पण त्या संक्रांतीला त्याच्या हातावर तिळगूळ ठेवायचं धाडस आमच्यात नव्हतं. म्हणून पुढे शाळेतली ऑपरेशनं थांबली, ते फार बरं झालं. १९७६ पासून सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम होताच. १९९१ साली तर 'जीवनरेखा' ही रुळांवरून धावणारी दवाखान्याची गाडीच सुरू झाली. वर्गखोलीतलं टेबल आणि ऑपरेशन थिएटर यांतला फरक आम्हालाही उमगला होता. मग गावात फक्त तपासणी व्हायची आणि पेशंटना एसटीनं साताऱ्याला न्यायचं. भिंग डोळ्यातच बसवू लागले, तशा वाळूच्या पिशव्या माळ्यावर गेल्या. जाड चष्मेही गेले.

संक्रांत आम्ही सोडली नाही. ऑपरेशन झालेले सगळे आजही त्या दिवशी शाळेच्या पटांगणात जमतात, तिळगूळ घेतात, एकमेकांच्या डोळ्यांची चौकशी करतात.

यंदा तपासणीच्या रांगेत धाकटी काकू होती. उजवा डोळा. मी भुवईवर पट्टी लावली, नंबर लिहिला. ती म्हणाली, "अक्षर नीट काढ रे, तिकडं वाचता आलं पाहिजे."