काका चपला मोजायचे

काका रोज रात्री झोपायच्या आधी दारातल्या चपला मोजायचे. वाकून, एकेका जोडावर बोट ठेवत, तोंडातल्या तोंडात पुटपुटत. एक जोड कमी भरला की काकूला विचारणार कोण राहिलंय बाहेर, आणि ते माणूस घरात येईपर्यंत पायरीवर बसून राहणार, मग किती का वाजेनात. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं मोजतात.

नंतर कळलं की ही सवय अग्निशमन दलातल्या ड्युटीवरची. आगीत आत किती गेले आणि बाहेर किती आले हे कोणीतरी एकाने लक्षात ठेवायचंच असतं, आणि त्यांच्या टीममध्ये ते काम कायम काकांकडे.

आज ४ मे, जगभरातल्या फायर फायटर्सची आठवण काढायचा दिवस. काकांना जाऊन दीड वर्ष होत आलं, रोज वाटतं लिहू लिहू आणि राहून जातं, म्हणून आज बसलेच.

गाव लहान, दलात माणसं मोजकी, त्यामुळे आग असो, झाड पडलेलं असो की विहिरीत पडलेलं जनावर असो, जायचं यांनीच. आणि लहान गावात बंब ज्या दारासमोर थांबतो ते दार बहुतेक वेळा ओळखीचंच असतं. लोक म्हणतात ओळखीच्या माणसाचं घर जळताना बघणं किती कठीण, ते आहेच, पण काका म्हणायचे की ओळख असते म्हणूनच जीव वाचतात. कुठल्या घरात मागच्या खोलीत आजी झोपून असतात, कुठला मुलगा कानाने ऐकत नाही म्हणजे बाहेरून हाका मारून उपयोग नाही, हे त्यांना पाठ असायचं. सुट्टीच्या दिवशी फिरायला निघाले की दर दोन घरांनंतर थांबणार, चौकशी करणार, आम्ही कंटाळून जायचो. ती नुसती चौकशी नव्हती हे आम्हाला फार उशिरा कळलं.

हा ४ मेचा दिवस ज्यामुळे सुरू झाला ती गोष्टही काकांनीच सांगितलेली. २ डिसेंबर १९९८, ऑस्ट्रेलियातल्या लिंटन गावाजवळ वणवा लागलेला, वारा अचानक फिरला आणि एका टँकरवरचे पाच जण आगीत सापडले, पाचही गेले. स्वयंसेवक होते, म्हणजे आपापला कामधंदा सांभाळून आग विझवायला जाणारी माणसं. ते पाणी भरायलाच निघाले होते. त्यानंतर तिथल्या दलाने नियमच केला की टाकीत स्वतःला वाचवण्यापुरतं पाणी राखून ठेवायचं, काही झालं तरी ते दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. हे सांगताना काकांचा आवाज बसायचा. ते स्वतः बंबाची टाकी कधीच पूर्ण रिकामी होऊ द्यायचे नाहीत, त्यावरून लोकांची बोलणीही खाल्लीयेत त्यांनी, समोर आग दिसतेय आणि हे म्हणतायत थांबा आधी दुसरा टँकर येऊ दे. पण पोरं माझी आहेत, ती घरी गेली पाहिजेत, एवढंच बोलायचे.

शाळेत त्यांना दरवर्षी बोलवायचे. भाषण वगैरे काही नाही, मुलांना जमिनीवर गोल बसवायचं आणि त्यांच्यासमोर एकेक वस्तू अंगावर चढवायची, आधी गमबूट, मग कोट, हेल्मेट, पाठीवर हवेचा सिलिंडर आणि सगळ्यात शेवटी मास्क. मास्क लावला की श्वासाचा घर्रघर्र आवाज यायचा, मागची दोन-तीन पोरं रडायला लागायची. मग काका तसेच गुडघ्यावर रांगत त्यांच्यापर्यंत जायचे आणि हात पुढे करायचे, हात धरेपर्यंत हलायचे नाहीत. कारण आग लागली की लहान मुलं पळत नाहीत, लपतात, पलंगाखाली नाहीतर कपाटात, आणि धुरातून असा आवाज करत कोणी आलं तर आणखी आत सरकतात. एकदा त्यांना असं मूल मिळालं होतं, वेळेवर मिळालं. त्यापलीकडे त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण शाळेचं निमंत्रण त्यांनी एकदाही चुकवलं नाही.

घरी आम्हाला तर परीक्षाच द्यावी लागायची. धूर भरला तर काय? खाली वाकून रांगायचं, चांगली हवा जमिनीलगत असते. बाहेर पडताना? दार ओढून घ्यायचं, बंद दार आगीला थोपवून धरतं. गॅसचा वास आला तर? विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, गॅस जड असतो, खाली साचतो, दारं-खिडक्या उघडून बाहेर. एकदा आईच्या हातून कढईतलं तेल पेटलं आणि मी नेमका पाण्याचा तांब्या उचलला. काकांनी माझा हात जागच्या जागी धरला, दुसऱ्या हाताने गॅस बंद केला, कढईवर झाकण सरकवलं. पाच सेकंदं फार तर. मग शांतपणे सांगितलं की पाणी उकळत्या तेलात बुडतं आणि त्याची एकदम वाफ होते, सतराशे पटीने फुगते, ते पेटलेलं तेल तुझ्या तोंडावर आलं असतं बाळा. ओरडले नाहीत अजिबात.

कॅन्सर मूत्राशयाचा होता. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने जाहीर केलं की आग विझवण्याचं कामच कॅन्सरला कारण ठरतं, मूत्राशयाचा कॅन्सर त्यात आहे. काकांना त्यामुळेच झाला असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, कोणीच म्हणू शकत नाही. पण काजळीने काळे झालेले कोट दिवसेंदिवस तसेच घालायचे ही माणसं, तेव्हा ती कामाची खूण वाटायची, आणि ते आठवलं की मला राग येतो, खूप येतो. काका निदान घरात शिरायच्या आधी बाहेरच्या नळावर साबण लावून आंघोळ करायचे, थंडीतसुद्धा, त्याशिवाय पोरांना उचलायचे नाहीत.

शेवटच्या आठवड्यात ग्लानीत असायचे. डोळे उघडले की खोलीतल्या माणसांवरून बोट फिरायचं, हळूहळू, एकावर थांबून मग दुसऱ्यावर. ते काय करतायत हे नर्सला कळायचं नाही. आम्ही हलायचो नाही, मोजून होऊ द्यायचो.

त्यांचे गमबूट अजून दारात आहेत, पँट खाली सरकवून बुटांवर तशीच ठेवलेली, पाय घातले की एका झटक्यात वर ओढता येईल अशी. काकूने कोणाला हलवू दिले नाहीत. रात्री चपला आता ती मोजते, आणि तो जोडही धरते.