मृत्युपत्रातली देणगी आणि वकिलांकडे अडलेली फाइल: माझा अनुभव

आत्याच्या मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे ते अमलात आणणारी म्हणून, माझं नाव होतं. बाकीचं सगळं पार पडलं. पेढीनाम्यासाठी, म्हणजे वारसांच्या वंशावळीच्या दाखल्यासाठी, पंच गोळा करून तलाट्याकडे जाऊन आले, फ्लॅटच्या विक्रीचा दस्तावेज झाला, बँकेतली खाती बंद झाली, दागिने ज्यांना द्यायचे त्यांना दिले. अडलं ते शेवटच्या ओळीवर. 'देणी व खर्च वजा जाता जे उरेल ते सर्व मुलींच्या वसतिगृहास द्यावे.' ती ओळ ज्या वकिलांच्या ऑफिसात अडून राहिली, त्या ऑफिसावरचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

बडोद्यातलं कोर्ट दिवाळीपुऱ्यात गेलं तरी कितीतरी वकील अजून न्यायमंदिर आणि रावपुऱ्याच्या आसपासच बसतात. आमचेही तिथलेच. मृत्युपत्र त्यांच्या वडिलांनी लिहिलेलं, आणि खरं सांगायचं तर चांगलं लिहिलेलं. फ्लॅट संस्थेच्या नावे करण्याऐवजी तो विकून पैसे द्यावेत, असं त्यात होतं. ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची तर गुजरातेत सार्वजनिक ट्रस्ट कायद्याच्या कलम 36 खाली चॅरिटी कमिशनरची आधी परवानगी लागते. ती सगळी यातायात थोरल्या साहेबांनी एका शब्दात वाचवली होती. फक्त संस्थेचं नाव मात्र लोकांच्या तोंडी होतं तसं घातलं. नोंदणी क्रमांक नाही, पत्ता नाही.

आता झालं असं, की वसतिगृह चालवतं एक मंडळ आणि इमारत आहे दुसऱ्याच ट्रस्टच्या नावावर. दोघांचे नोंदणी क्रमांक वेगळे, पॅन वेगळे, विश्वस्तांत दोन-तीन माणसं तीच. चेक कोणाच्या नावे काढायचा?

प्रश्न रास्त होता. तो सोडवायला बसायचं सोडून धाकट्या वकीलसाहेबांनी फाइल बाजूला सारली. मी गेले की क्लार्क शेव-उसळीच्या डिशवरून मान वर करून म्हणायचा, "साहेब कोर्टमां छे, बेन. काले आवजो." ते 'काले', म्हणजे उद्या, काही उगवेना. साहेब सापडलेच तर म्हणणार, "ताई, कायदाच वर्षभराची मुदत देतो. संस्थेला कसली घाई? दानच तर आहे."

हे 'दानच तर आहे' माझ्या डोक्यात गेलं. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 याचं कलम 337 एवढंच सांगतं, की मृत्यूपासून वर्ष होईपर्यंत एक्झिक्युटरला वाटप करायची सक्ती करता येत नाही. वर्षभर कोणाला काही कळवूच नका, असं त्यात कुठेही नाही. आणि संस्था काही दारात झोळी घेऊन उभी नव्हती. माझ्या मामेभावाला दागिने जितक्या हक्काने मिळाले, तितक्याच हक्काने उरलेली रक्कम तिची होती. उलट शेवटचा वाटा तिचा असल्यामुळे मधला प्रत्येक वायफळ खर्च तिच्याच ताटातून जाणार. त्यात वकिलांचं बिलही आलं.

एके दिवशी मी सांगितलं, फाइल दाखवल्याशिवाय उठणार नाही. क्लार्कने स्टुलावर चढून माळ्यावरचं गाठोडं खाली काढलं, फडक्याने झटकलं. आत मंडळाचं पत्र निघालं. कडेने चिकटवलेला डिंक तसाच, पाकीट फोडलेलंसुद्धा नाही. वर ऑफिसच्या आवकेचा जांभळा शिक्का तेवढा मारलेला. मी तिथेच फोडलं. आमच्या नावे काही ठेवलं आहे असं कानावर आलं, मृत्युपत्राची नक्कल मिळेल का, असं दोन ओळींत अत्यंत अदबीने विचारलं होतं. खाली सचिवबाईंची सही.

त्या संध्याकाळपासून मी वकिलांची वाट बघणं सोडलं. मंडळ आणि ट्रस्ट, दोघांनाही स्वतः रजिस्टर्ड पत्रं पाठवली, सोबत मृत्युपत्राची नक्कल जोडली. दोघांकडून नोंदणीचा दाखला, पॅन आणि विश्वस्तांचा ठराव मागवला. मग आत्याचं कपाट उघडलं. बाई निवृत्त शिक्षिका, कागद फेकायची सवयच नाही. दर वर्षीच्या देणगीच्या पावत्या टाचणीला टोचून ठेवलेल्या, आणि सगळ्या मंडळाच्या नावाच्या, क्रमांकासकट. उत्तराधिकार कायद्याचं कलम 76 असल्याच प्रसंगासाठी आहे: नाव चुकलं किंवा वर्णन अर्धवट असलं, पण कोणाला द्यायचं ते बाकीच्या संदर्भावरून कळत असेल, तर देणगी रद्द होत नाही. पावत्यांच्या झेरॉक्स ट्रस्टकडे गेल्या आणि त्यांनी ना-हरकत लिहून दिली. आठवड्याभराचं काम! ते त्या माळ्यावर किती महिने धूळ खात होतं हे आठवलं की अजून हात शिवशिवतात.

तुमच्यावर असं काम आलं तर वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा, संस्थेला कोण कळवणार, तुम्ही की मी? 'बघू' म्हणाले तर स्वतः कळवा. अंत्यसंस्कार आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च आधी, मग कर्ज-देणी, मग देणग्या, हा क्रम लक्षात ठेवून प्रत्येक खर्चाची पावती जपा. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, आणा म्हणून कोणी अडवलं तर घाबरू नका. प्रोबेटची ती जुनी सक्ती मुंबई, मद्रास, कलकत्त्याकडची. बडोदा त्यात कधीच नव्हतं. आणि मृत्युपत्र अजून लिहायचं असेल, तर संस्थेच्या पावतीवरचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक उतरवून घ्या. पाच मिनिटं लागतात.

बिलाचं सांगायचं राहिलंच. शेवटी वकीलसाहेबांनी इस्टेटीच्या टक्क्यांत फी लावली. मी कामाचा तपशील मागितला, शिवाय माझ्याकडून घेतलेल्या आगाऊ रकमेचा हिशेब. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवणं आणि मागितल्यावर त्याची नक्कल देणं बार कौन्सिलच्या नियमांत बसतं, हे मी शांतपणे म्हटलं. शांतपणे म्हणायला बराच जोर लागला. बिल चांगलंच खाली आलं. तो फरकही मंडळाच्याच चेकमध्ये गेला.

चेकसोबतच्या पत्रात 'कायम निधीसाठी' असं लिहून द्याल का, असं सचिवबाईंनी विचारलं होतं. रक्कम कॉर्पस, म्हणजे असा कायम निधी, म्हणून धरायची तर इन्कम टॅक्ससाठी देणाऱ्याचा तसा स्पष्ट निर्देश लागतो. आत्याने तसं काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे मीही माझ्या मनाने लिहिलं नाही. त्यांना ते पटलं. त्या पैशांतून आधी गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बदलल्या, असं त्यांनी नंतर हिशेबासकट कळवलं. हिशेब मी मागितलाही नव्हता.