१६ अँपिअरचं गणित: लिनक्ससाठी स्वस्त ग्राफिक्स कार्ड, नोंद तिसरी

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहून मोकळा झालो होतो. बजेट १०,००० रुपये, कार्ड एएमडीचं सेकंडहँड आरएक्स ५८०, आठ जीबीचं. शनिवारी कल्याणहून लोकल पकडायची, मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून कार्ड उचलायचं, रात्री कॉम्प्युटरवर ट्रक चालवायला बसायचं. मध्ये तीन शनिवार गेले. कार्ड आलंय, पण ते नाही. बजेटचं काय झालं ते ओघात येईलच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मशीन परत सांगतो. एका ऑफिसने मोडीत काढलेला टॉवर, कोअर आय५-६५००, १६ जीबी रॅम, डेबियन १३ (लिनक्सचाच एक प्रकार). मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ. खेळणं म्हणजे रात्री साडेदहानंतर तासभर युरो ट्रक सिम्युलेटर २, कधी हेडिस, पाऊस असला की पोर्टल २. आतापर्यंत सगळा भार प्रोसेसरमधल्याच एचडी ५३० ग्राफिक्सवर होता. स्टारड्यू व्हॅलीला तो बिचारा पुरतो, ट्रक मात्र ७२०पीवरसुद्धा धापा टाकतो.

पहिला शनिवार: पुठ्ठा आणि स्टिकर

निघण्याआधी कॅबिनेट उघडून पट्टी लावली म्हणून वाचलो. हार्डडिस्कच्या पिंजऱ्यामुळे कार्डाला जागा उरते २४ सेंटिमीटर. ५८०ची तीन-तीन पंख्यांची मॉडेलं यात शिरणारच नाहीत. मग मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून २४ बाय १३ चा एक नकली कार्ड बनवला, जाडीसाठी चार सेंटिमीटरचा थर्माकोल चिकटवला आणि तो स्लॉटपाशी धरून पाहिला. बायको म्हणाली, "हेच बसव, वीजही खाणार नाही."

विजेवरून आठवलं आणि पॉवर सप्लायचा स्टिकर वाचला. वर ठसठशीत ४५० वॅट. हातात घेतला तर चिवड्याच्या डब्याएवढा हलका. खाली बारीक अक्षरांतला तक्ता पाहिला तर १२ व्होल्टच्या रेलवर, म्हणजे पुरवठ्याच्या वाटेवर, १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच रेलवर जगतात, बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या नावावर दाखवलेले. माझा आय५ ६५ वॅटचा, ५८० एकटं १८५ वॅटचं. बेरीज २५०. मोलेक्सपासून (सप्लायचं जुनं चार पिनचं टोक) कार्डाला लागणारं आठ पिनचं कनेक्टर करून देणारी ८० रुपयांची वायर मिळते, पण ती वायर वॅट जन्माला घालत नाही.

त्या शनिवारी लोकल पकडलीच नाही. दुपारभर कागदावर बेरजा केल्या.

बोर्डावरच्या स्लॉटमधून कार्डाला मिळतात ७५ वॅट. तेवढ्यात भागवायचं तर जुना सप्लाय चालतो, आणि मग खरे उमेदवार तीनच. इंटेलचं आर्क ए३८०: सहा जीबी, एव्ही१ (नवा व्हिडिओ फॉरमॅट) एन्कोडसुद्धा आहे, पण रिसायझेबल बारशिवाय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी सोय) त्याची गती पडते आणि माझ्या बोर्डच्या बायोसमध्ये (चिपमध्ये कायम असणारा पायाभूत प्रोग्राम) ती सोय नाही. बाद. आरएक्स ६४००: ५३ वॅट, दिसायलाही गोड, पण पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्या जोडणीच्या, चारच लेन वापरतं. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते खपून जातं. माझा बोर्ड तिसऱ्या पिढीचा, म्हणजे बँडविड्थ निम्मी. त्यात मेमरी चारच जीबी, ती भरली की सगळा माल त्याच अरुंद बोळातून ये-जा करणार. शिवाय व्हिडिओ एन्कोडर नाही.

तिसरं जीटीएक्स १६५०. याच्यावर बराच वेळ घुटमळलो. एनव्हिडियाची ५८० क्रमांकाची ड्रायव्हर शाखा (आकडा तोच, निव्वळ योगायोग) मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या जुन्या पिढ्यांच्या कार्डांसाठी शेवटची आहे. म्हणजे बाजारात ढिगाने मिळणारी पास्कलवाली १०५० टीआय आणि १०६० आता उतरणीला लागली. १६५० ट्युरिंग पिढीचं असल्याने ते पुढच्या शाखांतही आहे. ज्यांना सप्लाय बदलायचाच नाही त्यांनी खुशाल १६५० घ्यावं, फक्त सहा पिनचं कनेक्टर नसलेलं बघून घ्यावं. मला चार जीबी खटकले, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की एनव्हिडियाचं ड्रायव्हर मॉड्यूल पुन्हा बांधणं, सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) असेल तर त्यावर सही करणं, हा सोपस्कार रात्री साडेदहाला नको वाटतो. हा माझा आळस आहे, कार्डाचा दोष नाही.

म्हणजे सप्लाय बदलणं आलंच. एकदा ते कबूल केल्यावर सगळी किंमतच बदलते. साडेसहा हजारांचं ५८० आता सप्लाय धरून दहा हजारांचं झालं.

दुसरा शनिवार: पेनड्राइव्ह घेऊन लॅमिंग्टन रोड

दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. पिशवीत पुठ्ठा आणि डेबियन लाइव्हचा, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या डेबियनचा, पेनड्राइव्ह. सेकंडहँड कार्ड घेणाऱ्यांना माझा एकच आग्रह: दुकानदाराच्या विंडोजवर पाहू नका, आपला पेनड्राइव्ह लावायला सांगा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. काउंटरवरचा पोरगा सावंतवाडीचा निघाला, त्यामुळे काम सोपं झालं.

पहिलं कार्ड, खोक्यावर आरएक्स ५८०. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय -एनएन (जोडलेल्या कार्डांचे आयडी दाखवणारी कमांड) मारलं. ५८०चा आयडी १००२:६७डीएफ यायला हवा, आला ६एफडीएफ. म्हणजे २०४८एसपीवालं. अस्सल ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर (चिपमधले छोटे गणिती भाग) असतात. यात २०४८, म्हणजे नावापुरतं ५८० आणि पोटात ५७०. पोरगा म्हणाला, "काका, गेम चालतो ना सगळा." चालतो, मग ५७०च्या भावात दे.

दुसरं कार्ड आयडीला खरं होतं. मग सिस-एफएसमधली (कर्नल जिथे हार्डवेअरची माहिती दाखवतो ती जागा) पीपी_डीपीएम_एससीएलके ही फाइल कॅट करून वाचली. चिप कुठकुठल्या क्लॉकवर, म्हणजे वेगावर, चालू शकते याची यादी तिच्यात असते, शून्य ते सात अशा आठ पायऱ्या. वरची पायरी ११५० मेगाहर्ट्झ! एएमडीच्या मूळ नमुन्यात ती १३४० असते. क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी कार्डाचा बायोस बदललेला, कोअर खाली आणून मेमरी पिळलेली. कार्डाच्या कडेला बारीक स्विच दिसला. मशीन बंद केलं, नखाने स्विच पलीकडे सरकवला, पुन्हा चालू केलं: १३६६. दुसऱ्या चिपमधला मूळ बायोस कुणी हात न लावलेला होता. पोरग्याला हे नवीन होतं. त्याने लगेच शेजारच्या ढिगातली आणखी दोन कार्डं काढून स्विच शोधायला सुरुवात केली.

तरी घेतलं नाही. ५८० ही २०१७ ची पोलारिस चिप. लिनक्सवर तिचं वय तितकं बोचत नाही, हे खरं. एएमडीने २०२३ च्या शेवटी पोलारिस आणि व्हेगाचे विंडोज ड्रायव्हर मुख्य शाखेतून बाजूला काढले. इकडे लिनक्सवर कर्नलमधला एएमडीजीपीयू ड्रायव्हर आणि मेसा या ग्राफिक्स लायब्ररीतला रॅडव्ही ड्रायव्हर तिला अजून घरातली मानतात. पण मेश शेडर (काही नव्या गेमना लागणारी सोय) नाहीत, एव्ही१ डिकोड नाही, आणि १८५ वॅटची शेगडी कल्याणच्या दहा बाय दहाच्या खोलीत, मे महिन्यात, पंख्याखाली. घरचा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे खरा ३६० वॅटचा. त्याच्यावर मॉनिटर आणि राउटरही आहेत.

तेवढ्यात पोरग्याने काचेखालून आरएक्स ६६०० काढलं. दोन पंखे, आठ जीबी, १३२ वॅट, एकच आठ पिनचं कनेक्टर. पुठ्ठा लावला: कार्ड १९ सेंटिमीटर, बरीच जागा उरते. याच्या आठ लेन आहेत, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या बोर्डावरही ६४००सारखं हाल होत नाही. पेनड्राइव्हवर सगळं नीट आलं. फायरफॉक्समध्ये मासे पोहण्याचा वेबजीएल डेमो लावून वीस मिनिटं चहा घेतला, मासे अडखळले नाहीत. १२,५०० वरून ११,५०० ला तुटलं. शेजारच्या गल्लीतून ४५० वॅटचा, १२ व्होल्टवर जवळजवळ सगळे वॅट देणारा सप्लाय ३,४०० ला. एकूण १४,९००. दहा हजारांचा मथळा मागच्या नोंदीवर तसाच ठेवलाय, मुद्दाम.

त्याच रात्री: गुहेतला मासा

कार्ड बसवलं. ग्रब (बूटचा मेनू) दिसला, कर्नलच्या चार ओळी सरकल्या आणि पडदा गोठला. पोटात खड्डा पडला. वाटलं, फसलो. नवा सप्लाय, आठ पिन, स्लॉट, सगळं काढून पुन्हा घातलं. तेच.

मग ग्रबमध्ये ई दाबून ओळीच्या शेवटी नोमोडसेट (ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवून बूट कर) लिहिलं. पडदा आला, ओबडधोबड का होईना. आधीच्या बूटची जर्नल (सिस्टमची नोंदवही) उघडली आणि उत्तर समोर: डिमग्रे_केव्हफिश नावाने सुरू होणारी फर्मवेअरची (चिपला सुरू होताना लागणारा कोड) फाइल सापडली नाही, एरर उणे २. लिनक्सच्या लोकांनी या पिढीच्या चिपना रंग आणि मासे जोडून नावं दिली आहेत. ६६०० मधली नावी २३ चिप म्हणजे डिमग्रे केव्हफिश, मळकट करड्या रंगाचा गुहेतला मासा. दुकानातल्या माशांवर खूश होऊन आलो आणि घरी हा आडवा आला.

चूक माझीच. डेबियन टाकलं तेव्हा मशीनमध्ये फक्त इंटेल ग्राफिक्स होतं, म्हणून इन्स्टॉलरने एएमडीचं फर्मवेअर टाकलंच नव्हतं. लाइव्ह पेनड्राइव्हमध्ये ते आधीपासून असतं, त्यामुळे दुकानात शंका यायचं कारणच नव्हतं. फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स हे पॅकेज टाकलं, रीबूट, काम फत्ते. कार्ड बदलणाऱ्यांनी हे पॅकेज जुन्या कार्डावर असतानाच टाकून घ्या. जुन्या गेमना लागणारी ३२ बिटांची मेसा स्टीम या गेमच्या ॲपबरोबर पूर्वीच आली होती, ती एक कटकट वाचली.

तिसरा शनिवार: आकडे

ट्रक १०८०पी, हाय सेटिंग, ६० फ्रेमवर बांधलेला. हायवेवर एकदम लोणी. मोठ्या शहरात शिरलं की ४८-५० पर्यंत घसरतो, आणि मँगोहड (गेमवर आकडे दाखवणारं टूल) सांगतं की तेव्हा कार्ड जेमतेम ४० टक्के काम करतंय, प्रोसेसरचा एक कोअर ९८ वर. म्हणजे या मशीनला ६६०० थोडं जास्तच झालं, हे मान्य करायला हवं. या सॉकेटवर कधी जुना आय७-६७०० मिळाला तर पाहू.

हेडिसची फ्रेम मर्यादा काढून कार्ड पिळून पाहिलं. मँगोहडमध्ये वॅटचा आकडा १०० च्या पुढे जात नाही. घाबरू नका, तो चिपचा हिशेब आहे, १३२ अख्ख्या बोर्डाचा. तापमान ६३ अंश, हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात तापलेला बिंदू) ७६, खोली ३३. साध्या कामात पंखे फिरतच नाहीत. दोनदा वाटलं बंद पडले.

भाचा आला होता. "मामा, व्हॅलोरंट लाव ना." ते लिनक्सवर नाहीच, कर्नलात बसणाऱ्या अँटीचीटमुळे (फसवेगिरी पकडणारा प्रोग्राम), कार्ड लाखाचं असलं तरी. एपेक्स लेजंड्सनेही २०२४ च्या अखेरीस लिनक्सचं दार लावलं. तुमचा गेम या जातीचा असेल तर वरची सगळी नोंद विसरा आणि आधी तेवढं तपासा. भाच्याने मग ट्रकमध्ये कॅलेहून निघून लीझला माल पोहोचवला आणि दंडाच्या तीन पावत्या माझ्या खात्यावर लावून गेला.

पुठ्ठ्याचं कार्ड परवा डोंबिवलीच्या मित्राने नेलं. त्याच्या कॅबिनेटमध्ये जागा २१ सेंटिमीटर आहे, स्टिकरवरचे अँपिअर अजून वाचलेले नाहीत.